अखाजीच्या दिवशी आम्ही रेडिओ झालो

आधीच माफी मागतो. माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून दिसत नाही आणि भारी शब्द मला येत नाहीत. पण मंडळी म्हणाली, "नथू, तूच लिही. तू सगळं गुपचूप बघत बसलेला असतोस." म्हणून लिहितो.

मी नंदुरबारला कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिनाला तेल घालतो. जिनात दिवसभर काम केलं की संध्याकाळी पापण्यांवर कापसाचा पांढरा भुगा साचलेला असतो. कोणी मुद्दाम टाकत नाही, तो आपला येऊन बसतो. किश्शांचंही तसंच आहे. आम्ही चौघंपाचजण रोज संध्याकाळी चंपालालशेठच्या कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर रेडिओ ऐकायला बसायचो, आणि उठताना अंगावर एखादा किस्सा चिकटलेलाच असायचा!

* * *

शेठनी रेडिओ आणला तेव्हा गावात दुसरा नव्हता. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं बैल सोडून यायची आणि ओट्याखाली मातीत बसून ऐकायची. शेठचा नियम एकच. रेडिओ बोलत असताना ओट्यावर कोणी विडी ओढायची नाही. "त्याला खोकला येल, भाया!"

हा रेडिओ बॅटरीवर चालायचा. बॅटरी उतरली की बैलगाडीत घालून जिनात आणायची आणि आमच्या इंजिनाच्या डायनामोवर भरून न्यायची. शेठ स्वतः गाडीत बसत. बॅटरीवर ओलं फडकं टाकलेलं आणि शेठचा एक हात तिच्यावर. रस्त्यात कोणी विचारलं, "शेठ, कोन आजारी शे?" तर शेठ म्हणत, "आजारी नाही. माहेरी चालली!"

बॅटरी भरायचं काम माझं. त्यामुळे रेडिओशी माझं नातं होतं असं मी मनात धरून चालायचो. बोलून दाखवलं नाही. मी बोलून काहीच दाखवत नसे.

* * *

रेडिओवर नाटकं लागायची. नुसत्या आवाजाची. ना पडदा, ना मिशा, ना लुगडी. मला वाटलं, हे आपल्याला जमेल. नाटकात तोंड दाखवावं लागत नाही!

मी एक नाटक लिहिलं. उन्हाळ्यात जिन बंद असतं तेव्हा दोन महिने लागले. गोष्ट अशी: अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एक कुटुंब मजा करायला सारंगखेड्याला तापीवर जातं. आमच्याकडे दिवाळीपेक्षा अखाजी मोठी. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, घरोघरी आमरस. तर त्या कुटुंबातल्या नारूमामाचा हट्ट, की आज मजा झालीच पाहिजे. गांधीलमाश्या उठतात, तरी मजा. आंब्यांची पाटी नदीत वाहून जाते, तरी मजा. शेवटी तो एवढा मोठा झोका घेतो की दोर तुटतो आणि मामा सरळ डोहात! बुडता बुडता तो ओरडून सांगतो की माझ्या वाट्याचा रस झाकून ठेवा. आणि मग कुटुंब दुखवट्याला बसतं. आमच्याकडे मयत झालं की गावोगावची माणसं दारावर येतात आणि घरचा माणूस डोक्यावर उपरणं ओढून, मान खाली घालून त्यांच्यापुढं बसतो. माझ्या नाटकात सगळे उपरण्याखाली मान घालून बसतात आणि आतल्या आत भांडतात, की मामाच्या वाट्याचा रस कोणी खायचा.

हे सगळं मी पुस्तकी भाषेत लिहिलं. रेडिओची भाषा तशीच असते ना. बुडणारा मामा म्हणतो, "माझ्या वाट्याचा आमरस कृपया झाकून ठेवावा." ते 'कृपया' मी मागाहून घातलं.

मुंबईच्या रेडिओला पोस्टानं पाठवलं. तीन महिन्यांनी एक चिठ्ठी आली. कोणी लिहिली होती ते सहीवरून कळेना. त्यात एकच ओळ: "कल्पना बरी आहे, परंतु पात्रे जिवंत वाटत नाहीत."

ती चिठ्ठी मी टोपीच्या घडीत ठेवली. दुसऱ्या कोणाला दाखवली नाही. पण त्या दिवशी मी ठरवलं, की हे नाटक पुढच्या अखाजीला चार माणसांच्या कानांवर घालायचंच. कसं, ते माहीत नव्हतं. पण घालायचं.

* * *

पुढच्या अखाजीच्या आठ दिवस आधी शेठनी गावभर सांगितलं, की सणाच्या दिवशी दिवेलागणीला रेडिओवर मोठं नाटक आहे, सगळ्यांनी या. त्यांचे नवे व्याही अमळनेरहून खास ते ऐकायला येणार होते. व्याह्यांच्या गावी रेडिओ होता, पण म्हणे त्याचा आवाज बसका होता. शेठना आपल्या रेडिओचा खणखणीत आवाज त्यांना ऐकवायचा होता.

आणि बॅटरी उतरली!

जिन बंद, इंजिन थंड. बॅटरी मोटारीनं धुळ्याला पाठवली. ती सणाच्या आदल्या दिवशी परत यायची होती. मोटार आलीच नाही. ड्रायव्हर अखाजीला सासरी गेला होता आणि तिथं झोक्यावर बसला होता.

सणाच्या दिवशी सकाळी शेठ ओट्यावर डोकं धरून बसलेले. आम्ही सगळे भोवती. जिनातले कारकून वामनराव होते. ते पुण्याकडचे, बोलणं एकदम शुद्ध. इंजिनड्रायव्हर सुकलालआप्पा होते. त्यांचा आवाज इंजिनाच्या वर ऐकू यायचा. आणि काट्यावर कापूस तोलणारा दोधू होता. त्याचा आवाज एवढा बारीक की लांबून लोक त्याला 'बाई' म्हणून हाक मारायचे.

"व्याह्यांना काय सांगू?" शेठ म्हणाले. "रेडिओ मेला म्हणून सांगू? सणाच्या दिवशी?"

तेव्हा मी बोललो. त्या वर्षातलं ते माझं सगळ्यात लांब बोलणं असेल.

"शेठ, दुकानात लुगड्यांच्या आडून आपणच बोलू. आपणच रेडिओ होऊ. माझ्याकडे नाटक आहे."

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. सुकलालआप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, ह्याले तोंड शे!"

* * *

शेठनी नाटकाची गोष्ट ऐकली आणि कपाळाला हात लावला.

"सणाच्या दिवशी माणूस मारायचा? व्याह्यांसमोर? भाया, दुसरं काही नाही? लगीनवालं?"

"नाही शेठ."

"त्याला बुडवू नको. नुसता भिजव."

"नाही शेठ. बुडतोच तो."

मी असा कधी कोणाला 'नाही' म्हणालो नव्हतो. एका दमात दोनदा तर नाहीच. शेठनी कपाळावरचा हात काढला.

"बरं. पण हळू मार!"

* * *

तालीम दुपारी दुकान बंद करून. मे महिन्याचं ऊन, वर पत्रे, आत आम्ही चौघं आणि कापडाचे गठ्ठे. वामनराव आधी निवेदक आणि मग भाचेजावई. दोधू मामी. सुकलालआप्पा नारूमामा. आवाज काढायचं काम माझं. विहिरीवरून काढून आणलेला रहाट फिरवला की झोका करकरायचा. पाण्याच्या घंगाळात वल्ह्यासारखी फळी फिरवली की तापी.

शेठ म्हणाले, "आणि खरखर?"

"कसली खरखर?"

"अरे, खरखर नसली तर रेडिओ कसला! माझ्या रेडिओची खरखर सगळं गाव ओळखतं."

मग मी सागाची वाळकी पानं आणली. ती दोन्ही हातांनी चोळली. शेठनी डोळे मिटून ऐकलं. "थोडी कमी. हां. आत्ता मुंबई लागली!"

सुकलालआप्पांचा आवाज मात्र रेडिओचा वाटेना. समोर उभं राहून ओरडल्यासारखाच वाटे. मी तुपाच्या रिकाम्या डब्याचं तोंड छिन्नीनं कापलं आणि म्हणालो, यात बोला. आवाज एकदम पेटीतून आल्यासारखा झाला. सगळे खूश. डब्याच्या कापलेल्या कडा मी आत वळवल्या, आप्पांच्या गालाला लागू नयेत म्हणून. त्या कडा लक्षात ठेवा.

आप्पांना वाचता येत नव्हतं. त्यांचं सगळं बोलणं मी म्हणून दाखवायचो आणि ते पाठ करायचे. पण 'कृपया झाकून ठेवावा' त्यांच्या तोंडात बसेना.

"नथू, बुडनारा मानूस इतलं लांब बोलत नही रे."

"आप्पा, रेडिओची भाषा तशी असते."

"मंग रेडिओवर कोनी बुडेलच नही!"

* * *

दिवे लागले तेव्हा ओट्यासमोर एवढी माणसं की रस्ता बंद. माहेरवाशिणी नव्या बांगड्या वाजवत आलेल्या. खेड्यांतून गाड्या आलेल्या. ओट्यावर लोडाला टेकून व्याही. मधे रेडिओ, आणि त्याच्या अंधाऱ्या काचेवर शेठनी मोगऱ्याचा जाड गजरा सोडलेला. "सणाची पूजा," ते म्हणाले. मागे दोरीवर लुगडी टांगलेली, आणि लुगड्यांच्या मागे आम्ही, घामानं निथळत.

शेठनी कान पिळला. म्हणजे रेडिओचा. मी पानं चोळली. वामनराव बोलू लागले आणि असे रंगले की नाटकाचं नावच विसरले! आधी त्यांनी बातम्या दिल्या. तेव्हा जर्मनीशी लढाई चालू होती, तीत दोस्त फौजांना त्यांनी पन्नास मैल पुढे नेलं. मग हवामान सांगितलं. मी त्यांचं धोतर ओढत होतो. तेवढ्यात पानांचा भुगा नाकात जाऊन त्यांना मोठी शिंक आली.

"क्षमा करा," वामनराव म्हणाले.

समोरून एक बाई म्हणाली, "माय वं! मुंबईले बी सर्दी शे!"

* * *

नाटक सुरू झालं, आणि खरं सांगतो, लोक चुळबुळ करू लागले. भाषा शुद्ध होती. गांधीलमाश्या शुद्ध भाषेत उठल्या. आंब्यांची पाटी शुद्ध भाषेत वाहून गेली. लुगड्याच्या फटीतून मला दिसत होतं, की पोरं ढकलाढकली करताहेत आणि व्याह्यांनी जांभई दिली. टोपीतली ती चिठ्ठी डोक्याला टोचल्यासारखी वाटली. पात्रे जिवंत वाटत नाहीत.

त्यात एकाला शंका आली. "आवाज मांगतून ई ऱ्हायना." आणखी एकदोघेही आवाज मागून येतोय म्हणून माना लांब करून लुगड्यांकडे बघू लागले. तिथं दामजा बसला होता. तो सातपुड्यातल्या मोलगीकडचा पावरा आदिवासी, हंगामाला जिनात आमच्याबरोबर काम करायचा. त्या दिवशी मिठाला म्हणून बाजारात उतरला होता. त्याला कोणीतरी म्हणालं, "दामजा, तू जाई दख बरं."

दामजा उठला, दुकानाला वळसा घालून मागच्या दारानं आत आला. त्यानं आम्हांला बघितलं. मी पानं चोळतोय, दोधू पदर घेऊन उभा, सुकलालआप्पा हातात डबा धरून. दामजानं एकेकाकडे नीट बघितलं. परत जाऊन आपल्या जागी बसला.

"काय शे रे मांगे?"

दामजा म्हणाला, "रेडिओ."

* * *

मग झोका. मी रहाट फिरवला, दोर तुटल्याचा आवाज केला, घंगाळात दगड टाकला. आप्पांचं बुडणं सुरू झालं. वामनराव खुणेनं सांगत होते, आणखी खोल, आणखी खोल! आप्पा जिद्दीचा माणूस. त्यांनी आख्खं डोकं डब्यात घातलं.

मी वळवलेल्या त्या कडांनी डोक्याला आत जायला वाट दिली. बाहेर यायला दिली नाही!

आधी आप्पांना वाटलं, आपणच जोर कमी लावला. मग त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. कडा कानांत घुसल्या. आणि त्यांची सगळी पाठ केलेली भाषा गेली.

"आरे! आरे काढा माले! मन्हा जीव घाबरी ऱ्हायना! दोधू! आंधळा शे का तू! काढ ना रे!"

दोधू धावला. तोही बारीक आवाजात ओरडला, "माय वं, आते काय करू! ओढा ना, ओढा!" वामनराव पाय धरून ओढत होते, दोधू डबा धरून. घंगाळ उलटलं. सगळीकडे पाणी!

आणि बाहेर एकदम पोरं थांबली. रेडिओवर चक्क अहिराणी लागली होती. मग एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "आरे, रेडिओ आपली बोली बोली ऱ्हायना!" आणि लगेच चारी बाजूंनी, "धरा त्याले! दोर टाका!" एक माणूस तर खरोखर गाडीचा दोर सोडायला धावला! व्याही लोडावरून उठून रेडिओच्या तोंडाशी गेले होते.

आता शेवटचं वाक्य राहिलं होतं. ते नसेल तर पुढचं सगळं वाया. मी आप्पांच्या डब्यावर बोटानं ठोकून सांगितलं. त्यांना आत काही ऐकू जाईना. आतून नुसता घूं घूं आवाज, आणि तोही बारीक होत चाललेला.

वामनरावांनी माझ्याकडे बघितलं. दोधूनं बघितलं. मी जन्मात चार माणसांसमोर मोठ्यानं बोललो नव्हतो. समोर चारशे असतील. पण ते नाटक मी कानांवर घालायचं ठरवलं होतं.

मी लुगड्याला तोंड लावलं. कागदावरचं वाक्य आठवेना. 'कृपया' आठवेना. आमचा आजा खळ्यावरून घरच्यांना ओरडून सांगायचा तसं तोंडातून आलं,

"मन्हा वाटाना रस झाकी ठेवा रे!"

आणि मग घंगाळात पाणी उरलं नव्हतं म्हणून मी पिण्याच्या माठात दगड टाकला. माठ फुटला.

बाहेर बायका रडत होत्या.

* * *

पुढचा दुखवट्याचा प्रसंग दोधू आणि वामनराव दोघांनीच केला. त्यांनाही आता शुद्ध बोलणं जमेना. वामनराव पुण्याकडचे, तरी अहिराणीत भांडले! रसाच्या वाटणीवर लोक हसले, आणि हसता हसता शिव्याही दिल्या. "मढं आजून पानीमा शे आनि यास्ले रस सुचस!"

शेठनी रेडिओचा कान पिळून मुंबई बंद केली. व्याही परत लोडाला टेकले. मग म्हणाले, "आमच्या रेडिओवर असं काही लागत नाही."

शेठ म्हणाले, "यंत्रावर असतं, भाया."

सुकलालआप्पांचं डोकं जिनातल्या इंजिनाच्या तेलानं सुटलं. मीच घातलं. माझं ते रोजचं काम. कान महिनाभर लाल होते. पहिलं वाक्य ते बोलले ते असं, "बुडनू ना मी बरोबर?"

"बरोबर, आप्पा."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटा धुवायला गेलो. माठ फुटल्यानं आत चिखल झाला होता, आणि तो माझा गुन्हा होता. शेठ व्याह्यांना सोडायला स्टेशनवर गेले होते. उन्हं नुकतीच ओट्यावर आली होती.

एक म्हातारी रस्त्यावरून येताना दिसली. एकटी. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले, म्हणजे दोन कोस तरी चालून आली असणार. हातात पितळी तांब्या, त्यावर ओलं फडकं, फडक्यावर पळसाचं पान. ओट्याच्या पायरीखाली थांबली. रेडिओवर चादर टाकलेली होती. तिनं चादरीकडे बघितलं.

"रामराम बापा. आठेच ना, काल तो मानूस बुडना?"

मी मान हलवली.

"त्यान्हं कोनी शे का आठे?"

मी हातातला खराटा ओट्याला टेकवला.

"त्यानी सांगेल व्हतं, मन्हा वाटाना रस झाकी ठेवा. त्या घरना लोके तं वाटा करी ऱ्हायना व्हतात. कोनी ठेवा नही व्हई." तिनं तांब्या पुढं केला. "मी लई उनू. रातभर झाकी ठेवा." तिनं घरचा आमरस रात्रभर झाकून ठेवून आणला होता.

मी म्हणालो, "आजीमाय, बठ ना. पानी देऊ का?"

ती एकदम थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुन्हा आवाज त्यान्हासारखाच शे," ती म्हणाली. "तू त्यान्हा कोन?"

आत चिखल होता, फुटलेला माठ होता, तुपाचा डबा होता. लुगडं बाजूला केलं असतं तर तिला सगळं दिसलं असतं.

"भाचा," मी म्हणालो.

मग मी दोन्ही हातांनी तांब्या घेतला, खाली ठेवला, खांद्यावरचं उपरणं डोक्यावर ओढलं आणि मान खाली घालून तिच्यापुढं बसलो.